दादीसाच्या आधी: सुरेखा सिक्री यांची सदतीस वर्षं

२१ जुलै २००८ रोजी ‘कलर्स’ ही हिंदी वाहिनी सुरू झाली आणि त्याच दिवसापासून रात्री आठ वाजता ‘बालिका वधू’ लागू लागली. गोष्ट राजस्थानातल्या जैतसर गावातली, नायिका लहानगी आनंदी. पण आठवड्याभरातच घराघरांत बोलणं सुरू झालं ते तिच्या आजेसासूबद्दल. कल्याणी देवी, म्हणजे दादीसा. आवाज न चढवता सगळं घर मुठीत ठेवणारी बाई. आमच्या घरी आई ही मालिका पाहताना भाजी निवडायचं थांबवायची. दादीसा बोलायची थांबली की आईचे हात पुन्हा चालू व्हायचे.

दादीसा साकारणाऱ्या सुरेखा सिक्री तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. बहुतेक प्रेक्षकांना त्या पहिल्यांदाच दिसत होत्या, म्हणून ‘या वयात एवढी मोठी नटी कुठून आली?’ असं लोक एकमेकांना विचारत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून त्या बाहेर पडल्या १९७१ मध्ये. तिथून दादीसापर्यंतची वर्षं मोजली तर सदतीस भरतात. दादीसाच्या एका नजरेत जे दिसायचं ते या सदतीस वर्षांतलं होतं, म्हणून ती वर्षं इथे उलगडून सांगाविशी वाटतात.

सुरेखा सिक्री यांचा जन्म १९ एप्रिल १९४५ चा, दिल्लीतला. वडील हवाई दलात, आई शिक्षिका. बालपण अल्मोडा आणि नैनितालच्या डोंगरांत गेलं, पुढचं शिक्षण अलीगढ मुस्लीम विद्यापीठात झालं. पुढे त्यांचं उर्दू इतकं सहज आणि खानदानी वाटायचं, त्यामागे हे अलीगढ आहे असं मला नेहमी वाटतं. नटी व्हायचं त्यांच्या मनात नव्हतं, ओढा लिहिण्याकडे आणि पत्रकारितेकडे होता. एकदा इब्राहिम अल्काझी ‘किंग लिअर’चा प्रयोग घेऊन अलीगढला आले. तो पाहून बहिणीने नाट्य विद्यालयाचा अर्ज आणला. तो घरात तसाच पडून राहिला आणि शेवटी भरला सुरेखाबाईंनी.

अल्काझी मूळचे पुण्याचे. जन्म तिथला, शाळाही तिथलीच. मुंबईत इंग्रजी रंगभूमीवर नाव कमावून, लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकून ते १९६२ मध्ये दिल्लीच्या नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांची शिस्त कडक म्हणून ओळखली जायची. नटाने संवाद पाठ केले की काम संपलं, हे त्यांना मान्यच नव्हतं. रंगमंच झाडण्यापासून नेपथ्य उभारण्यापर्यंत सगळं हाताने करावं लागे. मराठी मुलीही याच तालमीत घडल्या. सांगलीत जन्मलेल्या उत्तरा बावकर १९६८ मध्ये उत्तीर्ण झाल्या, पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी १९७४ मध्ये. सुरेखा सिक्री या दोघींच्या मधल्या. पुढे तिघींनाही टेलिव्हिजनने आई, सासू, आजी केलं. मला हा योगायोग वाटत नाही.

विद्यालय संपल्यावर त्या तिथल्याच रेपर्टरी कंपनीत राहिल्या, दहा वर्षांहून अधिक काळ. रेपर्टरी म्हणजे पगारी नटसंच. नटाला दर महिन्याला ठरलेला पगार मिळतो, आणि त्या बदल्यात तो आज चेकॉव्ह, उद्या शेक्सपिअर, परवा एखादं लोकनाट्य करतो. आज तरुण प्रेयसी, पुढच्या महिन्यात म्हातारी. ‘मी नायिकाच करेन’ असं म्हणायची तिथे सोय नसते. तिशीच्या बाईला सत्तरीचा पाठीचा बाक, सत्तरीचा श्वास तालमीत बसवावा लागतो. सिनेमात पुढे ‘चरित्र अभिनेत्री’ म्हणून जे वेगळं खातं केलं जातं, ते रेपर्टरीत नसतंच. तिथे सगळेच चरित्र नट.

त्या काळातली त्यांची एक भूमिका इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. मोहन राकेश यांच्या ‘आधे अधूरे’ नाटकातली सावित्री. १९७६ मध्ये अमाल अल्लाना यांनी रेपर्टरीसाठी हे नाटक बसवलं. त्यात निरनिराळे पुरुष एकच नट करतो आणि तो होता मनोहर सिंग. समोर सावित्री एकटी, सुरेखा सिक्रींची. नोकरी करून घर ओढणारी, नवऱ्याला कंटाळलेली, या घरातून आपल्याला कोणीतरी बाहेर काढेल म्हणून एकेका पुरुषाकडे पाहणारी मध्यमवर्गीय बाई. ती घर सोडून जाते आणि परत येते, कारण बाहेर जायला जागाच नाही.

याच नाटकाचा पहिला हिंदी प्रयोग १९६९ मध्ये ओम शिवपुरी यांनी दिल्लीत केला होता आणि त्यात सावित्री होत्या त्यांच्या पत्नी सुधा शिवपुरी. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या हिंदी प्रयोगातही त्या होत्या. याच सुधा शिवपुरी साठी ओलांडल्यावर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधल्या ‘बा’ म्हणून देशभर पोचल्या. उंबरठा ओलांडायला धडपडणारी सावित्री रंगमंचावर उभी करणाऱ्या दोन बाया, आणि हिंदी मालिकांतल्या दोन सर्वांत गाजलेल्या आज्या त्याच. उंबरठ्याच्या आत राहून गेलेल्या बाईचं पुढे काय होतं, हे दोघींना आधीपासून ठाऊक होतं. सुरेखा सिक्रींच्या भूमिका ओळीने पाहिल्या की हा उंबरठा मला पुन्हा पुन्हा दिसतो.

सिनेमात त्या आल्या ‘किस्सा कुर्सी का’मधून. अमृत नाहटांच्या या राजकीय विडंबनाच्या मूळ प्रती आणीबाणीत जाळल्या गेल्या होत्या, म्हणून तो पुन्हा चित्रित करून १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. पदार्पण इतक्या खळबळीच्या चित्रपटातून झालं तरी त्याचा त्यांना फार उपयोग झाला नाही. तेव्हाच्या हिंदी सिनेमात पस्तिशीकडे निघालेल्या, नायिकेच्या साच्यात न बसणाऱ्या नटीला देण्यासारखं काही नव्हतं. त्या रेपर्टरीतच रमल्या आणि पुढे मुंबईला आल्या. रंगभूमीवरच्या कामासाठी १९८९ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

दरम्यान टेलिव्हिजनवर म्हाताऱ्या बायकांना जागा मिळू लागली होती. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. त्यातली दादी सुषमा सेठ यांनी केली, तेव्हा त्यांचं स्वतःचं वय होतं ४८. दादीला कर्करोग झाल्याचं कथानकात आलं आणि प्रेक्षकांनी तिला मारू नका म्हणून इतकं लावून धरलं की तिचं मरण लांबवावं लागलं. १९८७ च्या ‘रामायण’मध्ये सत्तरी ओलांडलेल्या आपल्या ललिता पवार मंथरा झाल्या. सिनेमाच्या तीन तासांत म्हातारीच्या वाट्याला दोन प्रसंग येतात. मालिका दर आठवड्याला घरात येते, त्यामुळे तिथली म्हातारी ओळखीची होते. लोक तिच्यावर चिडतात, तिची काळजीही करतात. चरित्र अभिनेत्रीला वेळ लागतो आणि मालिकेपाशी वेळ असतो, हे एव्हाना दिसलं होतं.

‘तमस’ मात्र लांबलचक मालिका नव्हती. गोविंद निहलानी यांनी भीष्म साहनींच्या, फाळणीच्या दंगलींवरच्या कादंबरीवरून ती केली आणि १९८८ च्या सुरुवातीला दूरदर्शनने थोड्याच भागांत दाखवली. या कादंबरीचं एक मूळ आपल्याकडे आहे. १९७० च्या दंगलीनंतर साहनी भिवंडीला गेले होते. तिथली जळलेली घरं पाहून त्यांना १९४७ चं आपलं रावळपिंडी आठवलं आणि त्यातून लिखाण सुरू झालं. मालिकेच्या प्रक्षेपणाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ‘तमस’ स्वतः पाहून प्रक्षेपणाला हिरवा कंदील दिला, आणि सर्वोच्च न्यायालयातही विरोध टिकला नाही.

यात सुरेखा सिक्री राजो झाल्या. हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारं शीख जोडपं आपलं गाव सोडून जीव मुठीत धरून पळालंय. हरनामसिंगच्या भूमिकेत खुद्द भीष्म साहनी, बंतो दीना पाठक. रात्रभर चालून ते एका अनोळखी गावात मुसलमानाच्या घराचं दार ठोठावतात. दार उघडते राजो. घरातले पुरुष बाहेर गेलेत, आणि कशासाठी गेलेत ते तिला ठाऊक आहे. या दोघांना आत घेतलं तर घरातल्यांशी वैर, न घेतलं तर यांचा जीव जाणार. ती त्यांना आत घेते. नंतर याच म्हाताऱ्यांची लुटलेली पेटी तिच्याच घरी येते. शेवटी ती त्यांना रात्रीतून गावाबाहेर सोडते आणि पेटीतले दागिने बंतोच्या हाती ठेवते.

या प्रसंगात राजो थोर बाई वाटत नाही, ती चिडलेली वाटते. या दोघांवर, आपल्या माणसांवर, स्वतःवरही. दार उघडताना तिचा चेहरा दयेने भरून येत नाही. एखाद्या बाईने घरातलं पीठ किती उरलंय त्याचा हिशेब करावा तसा ती हिशेब करते आणि मग बाजूला होते. हे वैतागलेलं माणूसपण पटतं, कारण खऱ्या संकटात माणसं अशीच एकमेकांना वाचवत असतात. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दूरदर्शनवर दिसलेल्या कामाला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळणं तेव्हा नवलाचंच होतं.

चौदा वर्षांनी, २००२ मध्ये, अपर्णा सेन यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’मध्ये पुन्हा हीच दोन माणसं समोरासमोर आली. या वेळी भीष्म साहनी आणि सुरेखा सिक्री एका मुसलमान जोडप्याच्या भूमिकेत होते. दंगलीत अडकलेल्या बसमधून जमाव त्या म्हाताऱ्यांना खाली उतरवून नेतो. ‘तमस’मध्ये जिने ज्याला दार उघडलं, त्याचीच ती इथे बायको, आणि इथे कोणी दार उघडत नाही. दोन्ही कलाकृती एकामागून एक पाहिल्या तर हे फार लागतं. पुढच्याच वर्षी साहनी गेले.

मधल्या काळात श्याम बेनेगल यांचा १९९४ चा ‘मम्मो’ आला. फाळणीने लाहोरला गेलेली मम्मो म्हातारपणी मुंबईत बहिणीच्या घरी येऊन राहते. बहीण फय्याजी, नातवाला वाढवणारी, काटकसरी, थोडी तुसडी. मम्मो म्हणजे फरीदा जलाल, बोलघेवड्या आणि लाघवी, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे जाणं साहजिक. पण मम्मोला पोलीस परत पाठवतात तेव्हा त्या घरात काय मोडलं, हे आपल्याला फय्याजीच्या चेहऱ्यावरून कळतं. याही भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे, ‘मम्मो’ लिहिणाऱ्या खालिद मोहम्मद यांच्याच लेखणीतून उतरलेल्या आणि बेनेगलांनीच केलेल्या ‘झुबैदा’मध्ये, २००१ मध्ये, त्यांनी पुन्हा फय्याजी केली, या वेळी मुलगी गमावणारी आई म्हणून. एकाच बाईचं उतारवय आधी आणि तारुण्य नंतर करायला मिळणं ही नटीसाठी दुर्मीळ गोष्ट. म्हातारी फय्याजी एवढी सावध का होती, त्याचं उत्तर ‘झुबैदा’त सापडतं.

या वर्षांत मालिकाही चालूच होत्या, ‘सांझा चूल्हा’, ‘बनेगी अपनी बात’ आणि इतर. त्यांत त्या होत्या, चोख होत्या. पण २००० नंतर रोजच्या मालिकांचं युग आलं आणि सासू-सुनेचं कथानक असं काही पसरलं की म्हातारीच्या वाट्याला एक तर देव्हाऱ्यातली माया आली नाही तर भुवया उडवणारं कारस्थान.

दादीसाही कागदावर कारस्थानीच होती. पुर्णेंदू शेखर यांनी लिहिलेल्या या मालिकेत कल्याणी देवी बालविवाहाची कट्टर समर्थक. ती आनंदीचं शिक्षण तोडते, थोरला मुलगा वसंतसाठी कोवळ्या वयाची गहना आणते. खलनायिकेचे सगळे गुण तिच्यात भरलेले. बालविवाह बंदीचा नवा कायदा नुकताच, नोव्हेंबर २००७ मध्ये लागू झाला होता. ही मालिका या प्रथेला विरोध करते की तिला गोंजारते, यावर वाद झाला आणि लोकसभेत तिच्यावर बंदीची मागणीही झाली.

तो आरोप खोटा ठरला याचं मोठं श्रेय मी सुरेखा सिक्रींना देते. त्यांनी दादीसाला वेडीवाकडी, राक्षसी केलं नाही. तिला आपलं म्हणणं बरोबर वाटतं, आणि ती त्यावर मनापासून विश्वास ठेवते, अशी केली. आपण जे सोसलं तेच बरोबर होतं असं मानल्याशिवाय तिला जगताच आलं नसतं, कारण तिचंही लग्न लहानपणीच झालेलं. तरुण कल्याणी दाखवायची वेळ आली तेव्हा ते काम हीबा शाह यांनी केलं. हीबा सुरेखाबाईंच्या भाची, त्यामुळे चेहऱ्याची ठेवणही जुळली. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कितीजणींनी ‘आम्ही नाही का सोसलं?’ म्हणत लेकीसुनांना तेच भोगायला लावलं! महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला दादीसा परकी वाटली नाही ती यामुळेच.

रोजच्या मालिकेत कामाची घाई अशी असते की नटाला संवाद हातात पडतात ते बऱ्याचदा सेटवरच. कॅमेरा तीन-तीनदा चेहऱ्यावर आदळतो, पार्श्वसंगीत ढणढणतं. एवढ्या गोंगाटात सिक्री थांबायच्या. वाक्य अर्ध्यावर सोडायच्या, आवाज खाली आणायच्या, आणि समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे झुकावं लागायचं. कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची रेपर्टरीतली सवय आता दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर उपयोगी पडत होती.

आणि मग दादीसा बदलत गेली. एका भागात, एका रडण्यात नाही, वर्षं लागली. विधवा नात सुगणाच्या दुसऱ्या लग्नाला ती तयार झाली. गहनाला तिने घरात मान दिला. आनंदीला सोडून गेलेल्या लाडक्या नातवाच्या, जगदीशच्या, विरोधात ती उभी राहिली आणि आनंदीच्या दुसऱ्या लग्नात पुढे झाली. इंडियन टेली अवॉर्ड्समध्ये २००८ साली त्यांना नकारात्मक भूमिकेसाठी पुरस्कार मिळाला होता, २०११ मध्ये त्याच भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा. बाई तीच, पुरस्काराचा वर्ग बदलला. सिनेमा कोणत्याही नटीला एवढं लांबचं अंतर चालू देत नाही. मालिका ३१ जुलै २०१६ पर्यंत, दोन हजारांहून अधिक भाग चालली. ती ऐन भरात असताना, ऑक्टोबर २००९ मध्ये, त्यांचे पती हेमंत रेगे वारले. दादीसा पडद्यावर येतच राहिली.

दादीसामुळे झालं असं की सिनेमालाही त्यांची आठवण आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘बधाई हो’ प्रदर्शित झाला. लग्नाच्या वयाचा मुलगा असलेली सून पुन्हा गरोदर राहते आणि घरची म्हातारी आकाशपाताळ एक करते. सून म्हणजे नीना गुप्ता, त्याही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्याच. सुरेखाबाईंनी लोकांना पोट धरून हसवलं आणि मग मीरतच्या लग्नघरात, बाकीचे नातेवाईक सुनेला टोमणे मारत असताना, ही सासू ताडकन उठून आपल्या सुनेची बाजू घेते. आपलं आजारपण कोणी काढलं ते ती सगळ्यांसमोर सांगते. सावित्रीला घराबाहेर पडायचं होतं, राजोने परक्यांना आत घेतलं, दादीसाने दार अडवलं आणि पुढे स्वतःच उघडलं. आता ही म्हातारी सुनेच्या आणि जगाच्या मधे उभी राहिली. तिसरा राष्ट्रीय पुरस्कार याच भूमिकेला.

तो घ्यायला, २३ डिसेंबर २०१९ रोजी, त्या दिल्लीच्या विज्ञान भवनात चाकाच्या खुर्चीतून आल्या. वर्षभरापूर्वी महाबळेश्वरला चित्रीकरणाच्या वेळी त्यांना मेंदूचा झटका आला होता. सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

काही महिन्यांत टाळेबंदी आली. मालिकांचं चित्रीकरण बंद पडलं आणि कलर्सने ‘बालिका वधू’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मे २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली ती ६५ वर्षांवरच्यांना सेटवर बंदी घालून. सुरेखाबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या. आपल्याला कोणाची मदत नको, काम हवं, स्वतःच्या कमाईवर मानाने जगायचं आहे, असं त्या उघडपणे सांगत राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ती अट ७ ऑगस्टला रद्द केली. सप्टेंबरमध्ये त्यांना दुसरा झटका आला. १६ जुलै २०२१ रोजी मुंबईत, हृदयक्रिया बंद पडून त्या गेल्या. ‘बालिका वधू’चं दुसरं पर्व सुरू व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता.